कादंबरीतल्या भावाला वाचवावे का?

पत्राचा सारांश: एका वाचक-लेखिकेने १२ ते १५ वयोगटासाठी आपली पहिली कादंबरी लिहून पूर्ण केली आहे. नायक १३ वर्षांचा आहे आणि कादंबरीच्या मध्यावर, नवव्या प्रकरणात, त्याचा मोठा भाऊ आजाराने मरतो. शिक्षिका असलेल्या मैत्रिणीच्या मते एवढे दुःख या वयाला झेपणार नाही. भावाला बरे करावे, किंवा निदान शेवटी ठोस बोध तरी द्यावा. ज्या प्रकाशनसंस्थेकडे संहिता गेली, तिथल्या संपादकांनी दोन पर्याय पुढे केले आहेत: नायकाचे वय दहावर आणून मृत्यू वगळावा, नाहीतर सगळी कादंबरी प्रौढांसाठी करावी. ‘इतके चांगले लिहितेस तर मोठ्यांसाठीच का लिहीत नाहीस?’ असे सासऱ्यांनी विचारले आहे. लेखिकेच्या १४ वर्षांच्या मुलाने काही प्रकरणे वाचून पुस्तक बाजूला ठेवले. भावाला वाचवू की वाचक बदलू, हा त्यांचा प्रश्न आहे. पत्रासोबत त्यांनी पाचवे आणि दहावे प्रकरण व कथासार पाठवले असून त्यांतील मजकुराचा उल्लेख करण्यास संमती दिली आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना, त्यात कोणाला किती जागा मिळाली आहे, इकडे माझे लक्ष गेले. मैत्रिणीचे म्हणणे तुम्ही जवळजवळ पानभर मांडले आहे, संपादकांचे त्याहूनही विस्ताराने, आणि सासऱ्यांचा शेरा तर शब्दशः उतरवला आहे. मुलाच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले आहे: ‘पाचव्या प्रकरणात त्याने वाचणे सोडले, पण त्याला मुळात वाचनाची आवड नाही.’ ज्या वयासाठी तुम्ही लिहिले, त्या वयाचा तुम्हाला आजवर मिळालेला एकमेव वाचक तुम्ही एका ‘पण’मध्ये निकालात काढला आहे, आणि ज्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिलेलेच नाही, अशा तिघांच्या मतांनी तुमची झोप उडवली आहे.

मुलाचे मत शिरोधार्य माना, असे मी म्हणत नाही. आईने लिहिलेली कादंबरी आईच्या नजरेसमोर वाचायची, ही १४ वर्षांच्या मुलासाठी मोठी अवघड गोष्ट असते आणि त्या अवघडलेपणात त्याने काय म्हटले याला फारशी किंमत देता येत नाही. पण तो कुठे थांबला, याला किंमत आहे. तो पाचव्या प्रकरणात थांबला आणि भाऊ जातो नवव्या प्रकरणात. म्हणजे दुःख झेपले नाही म्हणून त्याने पुस्तक ठेवलेले नाही; दुःखापर्यंत तो पोहोचलाच नाही. तुम्हाला भेटलेल्या सर्व मोठ्या माणसांनी चर्चा केली ती नवव्या प्रकरणाची, आणि पुस्तक हातातून सुटले ते त्याच्या चार प्रकरणे आधी. म्हणून मी तुमच्या प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूने येतो.

आधी ‘झेपण्या’विषयी. मुलांना मृत्यू झेपत नाही, हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की ते कोणी तपासून पाहत नाही. कॅथरिन पॅटरसन यांच्या ‘ब्रिज टू टेराबिथिया’ या १९७७ सालच्या कादंबरीत नायकाची जिवलग मैत्रीण अपघातात मरते. पॅटरसन यांच्या स्वतःच्या मुलाची एक छोटी मैत्रीण वीज पडून गेली होती आणि मुलाचे ते दुःख पाहूनच त्या लिहायला बसल्या होत्या. मृत्यूचे प्रकरण जवळ आले तेव्हा मात्र त्या अडल्या. ते प्रकरण लिहिलेच नाही तर ती मुलगी जिवंत राहील, असे मनाशी धरून त्या लेखन पुढे ढकलत राहिल्या, हे त्यांनीच नंतर सांगितले आहे. पुढे १९७८ मध्ये या पुस्तकाला न्यूबेरी पदक हा बालसाहित्याचा मानाचा अमेरिकी पुरस्कार मिळाला आणि त्याच पुस्तकाविरुद्ध अमेरिकेतल्या शाळा व ग्रंथालयांकडे वर्षानुवर्षे तक्रारीही येत राहिल्या. तक्रारदार अर्थातच मोठी माणसे होती. स्वीडनमध्ये अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या १९७३ सालच्या ‘द ब्रदर्स लायनहार्ट’चेही असेच झाले. दोन भावांच्या मृत्यूने सुरू होणाऱ्या या कादंबरीच्या शेवटावर प्रौढ समीक्षक अस्वस्थ झाले. मुलांनी मात्र लेखिकेला पत्रे लिहून पुढे त्या भावांचे काय झाले, असे विचारले. मृत्यू आला की मोठा माणूस दचकून थांबतो आणि मूल विचारते, मग पुढे? हा फरक तुमच्या मैत्रिणीला जरूर सांगा.

मात्र तिच्या काळजीत तथ्य मुळीच नाही, असे समजू नका. ते तिने दाखवले त्या ठिकाणी नाही, एवढेच. तुमच्या पाचव्या प्रकरणात दोघा भावांचे भांडण आहे. घरातले सगळे लक्ष आजारी भावाकडे लागलेले असते, नायकाच्या सामन्याला कोणीच येत नाही, आणि रात्री तो भावाला म्हणतो, ‘एकदाचा जा ना तू कुठेतरी, म्हणजे सुटू सगळे.’ हे वाक्य अतिशय खरे आहे आणि ते तुम्ही काढू नये. पण कथासार पाहिले तर हा प्रसंग पुढे पुन्हा कुठेही येत नाही. घरात कोणी मेले की ते आपल्या बोलण्यामुळे किंवा मनात आणल्यामुळे घडले, अशी भीती लहान मुलांना वाटते आणि ती बरीच मोठी होईपर्यंत मनाच्या तळाशी टिकू शकते. शोकग्रस्त मुलांबरोबर काम करणाऱ्या कोणाही जाणकाराला हे ठाऊक असते. तुमच्या वाचकांत असा एखादा मुलगा असेलच. त्याच्या हातात तुम्ही ते वाक्य दिले आणि मग त्याला त्या वाक्यासोबत एकटे सोडून दिले, तर तिथे मात्र इजा होऊ शकते. उत्तरार्धात नायकाला ते वाक्य आठवलेच पाहिजे, त्याने ते कोणाजवळ तरी उच्चारलेच पाहिजे आणि ऐकणाऱ्याने घाईघाईने ‘छे, असे काही नसते’ म्हणून त्याचे तोंड बंद करता कामा नये. भावाचा आजार नेमका कोणता, उपचार कसे चालतात, हा तपशीलही एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. प्रौढ वाचक कादंबरीतल्या वैद्यकीय चुकीकडे कानाडोळा करतो. ज्याचे भावंड रुग्णालयात आहे असा १२ वर्षांचा वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो.

आता मुलगा जिथे थांबला त्या जागेकडे येऊ. भांडणाच्या प्रसंगानंतर तुमचा नायक, जो स्वतःच ही गोष्ट सांगतो आहे, लिहितो: ‘त्या वयात मला कळत नव्हते की रागाच्या मुळाशी नेहमी भीती असते. आज मागे वळून पाहताना वाटते, त्या रात्री मी खरे तर घाबरलो होतो.’ हे कोण बोलते आहे? १३ वर्षांचा मुलगा निश्चितच नाही. ही चाळिशीतली, समजूतदार, बरेच काही सोसून शांत झालेली व्यक्ती आहे आणि ती भांडणाच्या ऐन आचेवर पाणी ओतते आहे. वाचणाऱ्या मुलाला त्या क्षणी नायकाचा संताप हवा आहे, त्यामागचे विश्लेषण नको. हे विश्लेषण तो स्वतः करू शकतो आणि ते करण्याचा आनंद तुम्ही त्याच्याकडून काढून घेतला आहे.

दहाव्या प्रकरणात हेच अधिक ठळकपणे घडते, आणि वाईट याचे वाटते की ते तुमच्या सर्वांत सुंदर पानावर घडते. भाऊ जाऊन काही दिवस झाले आहेत. नायक पलंगाखालून भावाचे फुटबॉलचे बूट बाहेर काढतो. ते त्याला सैल होतात, म्हणून तो मोज्यांवर मोजे चढवतो. मग तळव्याच्या खिळ्यांमध्ये वाळून बसलेली माती तो कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने उकरू लागतो, आणि एकदम थांबतो. ती माती भावाच्या शेवटच्या सामन्याची आहे. सतरंजीवर पडलेले कण तो बोटाने गोळा करतो, वहीच्या कागदात घालून पुडी बांधतो आणि ती पुडी बुटाच्या आत ठेवतो. इथवर वाचताना मी तुमच्या नायकाच्या शेजारी बसलो होतो. एवढ्यात दार उघडून मामा येतात आणि सव्वा पान बोलतात: माणूस जातो पण आठवणी राहतात, गेलेले आपल्यातच जगत असतात, रडणे म्हणजे दुबळेपणा नव्हे. मामांचे एकेक वाक्य बरोबर आहे, आणि एकाही वाक्याची गरज नाही, कारण मातीच्या पुडीने ते सगळे आधीच सांगून झाले आहे. मामांना दारातच थांबवा. त्यांनी बूट पाहावेत, काही न बोलता शेजारी बसावे, फार तर ‘तुला किती नंबर लागतो?’ एवढेच विचारावे.

तुमच्या कादंबरीचे दुखणे मला हे वाटते. तिच्यात दुःख जास्त झालेले नाही. दुःख मुलाच्या हाती सोपवायचा धीर लेखिकेला झालेला नाही, म्हणून दर दोन-तीन पानांनी एक मोठे माणूस आत शिरते, कधी निवेदकाच्या आवाजात, कधी मामांच्या रूपाने. मैत्रिणीच्या सल्ल्याप्रमाणे शेवटी आणखी बोध घातलात, तर असे आणखी एक माणूस आत घ्याल.

संपादकांच्या दोन पर्यायांचा विचारही याच अंगाने करू. कादंबरी प्रौढांसाठी करायची म्हणजे काय करायचे? बालपणावर प्रौढांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या विपुल आहेत आणि त्यांतल्या कित्येकांत नायक तुमच्या नायकापेक्षाही लहान असतो. म्हणजे नायकाच्या वयाने किंवा विषयाच्या गडदपणाने पुस्तक कोणाचे हे ठरत नाही. ते बव्हंशी ठरते घटना आणि ती सांगणारा यांच्यात किती काळ लोटला आहे, यावरून. प्रौढांच्या कादंबरीत ‘आज मागे वळून पाहताना’ हे वाक्य शोभते, किंबहुना तिचा सगळा अर्थ त्या मागे वळण्यातच असतो. कुमारांच्या कादंबरीत सांगणारा अजून त्या प्रसंगाच्या आत असतो आणि उद्या काय होईल, हे त्याला वाचकाइतकेच अज्ञात असते. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ ही कुमार-कादंबरी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या आणि ती लिहायला घेतली तेव्हा तर शाळेत होत्या. पुसून टाकायला हवे असे अंतर त्यांच्याजवळ फारसे नव्हतेच. तुम्हाला-मला ते जाणीवपूर्वक पुसावे लागते. तुमच्या संहितेत आज दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आहेत, म्हणूनच संपादकांना हे पुस्तक नेमके कोणत्या मांडणीवर ठेवावे ते कळलेले नाही. त्यांनी दुखणे ओळखले आहे; औषध मात्र चुकीचे लिहून दिले आहे.

प्रौढ वाचक मिळावेत म्हणून पुस्तक प्रौढांचे करण्याची तर मुळीच गरज नाही. अमेरिकेत २०१२ साली बाउकर या संस्थेने केलेल्या पाहणीत कुमारांसाठी म्हणून निघालेली पुस्तके विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून अधिक वयाचे आढळले होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी ती स्वतःला वाचण्यासाठी घेतली होती. चांगली कुमार-कादंबरी मोठी माणसे न सांगताही वाचतात.

नायकाला दहा वर्षांचा करण्याबद्दल थोडक्यात सांगतो: करू नका. दहा वर्षांच्या मुलाचे मित्र वेगळे, भांडणे वेगळी, एकट्याने बाहेर जाण्याची मुभा वेगळी. आकडा बदलून ही कथा खाली उतरणार नाही, ती नव्याने लिहावी लागेल. उलट तुम्ही त्याला एखादे वर्ष मोठे करण्याचा विचार करावा, असे मी सुचवेन. मुलांना आपल्याहून थोड्या मोठ्या मुलांविषयी वाचायला आवडते, लहानांविषयी क्वचितच. तुमच्या १४ वर्षांच्या मुलाला १३ वर्षांचा नायक ‘धाकटा’ वाटला असेल, हीदेखील शक्यता आहे. १४ वर्षांचा नायक १२ ते १५ या पट्ट्याला अधिक जवळचा वाटेल आणि तुमच्या कथेत त्यासाठी फारसे काही मोडावे लागणार नाही.

राहिला शेवट. कथासारानुसार भावाच्या मृत्यूनंतर आई-वडील घर बदलतात, मामा नायकाला काही दिवस घेऊन जातात, शाळेतले शिक्षक त्याला पुन्हा संघात घेतात आणि अखेरीस आई त्याला भावाची वही देते. क्रियापदांचे कर्ते पाहा. बदलतात, नेतात, घेतात, देते. आणि नायक काय करतो? भावाच्या मृत्यूनंतरच्या सर्व प्रकरणांत तुमच्या नायकाने स्वतः घेतलेला निर्णय एकही नाही. वाचून संपल्यावर जो उदासपणा उरतो तो मला तरी मृत्यूमुळे आलेला वाटत नाही; तो या हतबलतेतून आलेला आहे. या वयाच्या वाचकाला सुखान्त लागतोच असे नाही. रॉबर्ट कॉर्मियर यांच्या ‘द चॉकलेट वॉर’चा शेवट बदला, असे प्रकाशकांनी सुचवले होते, त्यांनी तो बदलला नाही, नकार पचवले, आणि १९७४ मध्ये कादंबरी तशीच, नायकाच्या पराभवासकट प्रसिद्ध होऊन टिकली. पण तिथे नायक हरतो ते शाळेसाठी चॉकलेटे विकायला स्वतःहून ठाम नकार देऊन. मोठ्यांच्या जगात मुलाच्या हाती फार थोडे असते. त्या थोड्याशात तो काय करतो, यासाठी मुले पाने उलटतात. तुमच्या नायकाला भाऊ परत आणता येणार नाही, पण बुटांचे काय करायचे हे त्याला ठरवता येईल. तो ते घालून खेळेल, कोणाला देईल, की पुडीसकट कुठे नेऊन ठेवेल, हे मी सांगणार नाही. मात्र ते आईने किंवा शिक्षकांनी ठरवता कामा नये.

सासऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याच्या फंदात पडू नका, असे खरे तर मी म्हणालो असतो. पण तो प्रश्न तुमच्याही मनात आहे, असे पत्राच्या सुरावरून वाटते. मुलांसाठी लिहिणे ही मोठ्यांसाठी लिहिण्याची पूर्वतयारी आहे, हा समज सर्वत्र आढळतो. आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांचा प्रवास नेमका उलटा झाला. मोठ्यांसाठी कैक वर्षे लिहून नाव मिळवल्यावर, साठी उलटल्यानंतर, ते मुलांच्या पुस्तकांकडे वळले आणि १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना मेजवानीच्या भाषणात त्यांनी आपण मुलांसाठी का लिहितो, याची कारणे सांगितली. मुले परीक्षणे वाचत नाहीत, पुस्तके वाचतात, असा त्यांतल्या पहिल्याच कारणाचा आशय होता. सासऱ्यांना हे ऐकवलेत तर वाद वाढेल, तेव्हा तुमच्यापुरते ठेवा.

पुढचा खर्डा तयार झाला की तो कोणाला वाचायला द्यायचा, हा प्रश्न तुमच्यासारख्या अनेकांना पडतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. तुमच्या ओळखीची नसलेली पाच-सहा मुले शोधा आणि लेखिका तुम्ही आहात, हे त्यांना कळू देऊ नका. मधल्या कोणाकडून तरी पाने पोहोचवा. त्यांच्या पालकांना विषय आधी सांगा, आणि घरात अलीकडेच कोणी गेले असेल तर त्या मुलाला आग्रह नको. शिक्षकांच्या मार्फत अभिप्राय गोळा करू नका, कारण मग निबंध हाती येतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘आवडले का?’ असे विचारू नका. सभ्य मुले हो म्हणतात आणि तिथेच संवाद संपतो. त्यांच्या हातात एक पेन्सिल द्या, आणि जिथे कंटाळा आला किंवा ओळी गाळाव्याशा वाटल्या तिथे समासात नुसती रेघ ओढायला सांगा. कारण विचारू नका. मुलांना कंटाळा बरोबर कळतो, त्याचे कारण शोधणे हे तुमचे काम आहे. तीन मुलांच्या रेघा एकाच परिच्छेदावर आल्या, तर तिथे बहुधा कोणीतरी मोठे माणूस बोलत असेल. वाचून झाल्यावर एवढेच विचारा की शेवटच्या पानानंतर दुसऱ्या दिवशी नायक काय करेल. ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याच्यासाठी तुमचा नायक जिवंत झाला आहे.

संवादांविषयी एक सूचना, तुम्ही विचारले नसले तरी. आजच्या मुलांची बोली वापरावी म्हणून तुम्ही पाचव्या प्रकरणात बरेच चलनी शब्द पेरले आहेत. असे शब्द पुस्तक छापून येईपर्यंत शिळे होतात आणि मोठ्याने मुद्दाम वापरले की मुलांना ते लगेच खटकतात. मुलांच्या बोलण्याची लय शब्दांपेक्षा अर्धवट वाक्यांत, विषय टाळण्यात आणि एकाच गोष्टीवर पुन्हा पुन्हा येण्यात असते. तुमच्या भांडणाच्या प्रसंगात ही लय आहेच. तिच्यावर भिस्त ठेवा.

संपादकांना उत्तर द्यायला उशीर करू नका. त्यांनी संहिता नाकारलेली नाही आणि दोन पर्याय सुचवण्याइतकी ती काळजीपूर्वक वाचली आहे. हे नव्या लेखकाच्या वाट्याला नेहमी येत नाही. त्यांना लिहा की पुस्तक १२ ते १५ वयोगटासाठीच राहील आणि मृत्यूही राहील. मात्र निवेदकाचा प्रौढ आवाज तुम्ही पूर्णपणे काढत आहात, नायकाचे वय १४ करत आहात, भांडणातले वाक्य उत्तरार्धात परत आणत आहात, आणि भावाच्या मृत्यूनंतरची सगळी प्रकरणे नायकाच्या निर्णयांभोवती नव्याने लिहीत आहात. सोबत दुरुस्त केलेले दहावे प्रकरण जोडा, मामांशिवायचे. ते वाचूनही त्यांना वय दहाच हवे असेल, तर त्यांचे आभार मानून संहिता दुसरीकडे पाठवा.